खाऱ्या वाऱ्यातला अनंत

काल दुपारी वारा सुटला. पडदा आत फुगला, दोरीवरचे कपडे सगळे एका बाजूला धावले, आणि थोड्या वेळानं ओठांवरून जीभ फिरवली तर खारट लागली. मे महिना उतरायला लागला की मढला हे असंच होतं. सकाळभर समुद्र निपचित पडून असतो, आणि जेवण आटोपून जरा आडवं व्हावं तर दारं आपटायला लागतात. इथे राहायला आले त्या पहिल्या वर्षी तो खारटपणा मला माझ्या घामाचा वाटला होता. मी घाटकोपरची. वाऱ्याला चव असते हे मला कोण सांगणार?

संध्याकाळी वारा जरा बसल्यावर मी पिंपातलं पाणी घेऊन झाडं धुवायला निघाले. इथे झाडांच्या बुडाशी पाणी घालून काम संपत नाही. दिवसभर वाऱ्यानं पानांवर मीठ आणून ठेवलेलं असतं. ते तसंच राहू दिलं तर दुसऱ्या दिवशीच्या उन्हात पानांच्या कडा तपकिरी होतात, मग पान आतल्या बाजूला वळतं आणि चार दिवसांत गळून पडतं. पावसाळ्यात हे काम पाऊस करतो. पाऊस येईपर्यंतचे हे पंधरा-वीस दिवस मात्र वारा असतो आणि पाणी नसतं. समुद्राकाठची बाग मरते ती या दिवसांत.

माझी आता मरत नाही. पुढच्या रांगेत केवडा आणि कण्हेर, त्यांच्या मागे भेंड आणि उंडी, बांधाखालच्या वाळूत मर्यादवेल, कोपऱ्यात पांढरी रुई. नर्सरीत गेले की मी फूल बघत नाही, आधी पान बोटांत धरते. जाड आहे का, मेण चोळल्यासारखं गुळगुळीत आहे का, नाहीतर रुईसारखी त्यावर लव आहे का. पातळ, मऊ, मोठ्या पानाचं झाड कितीही गोड दिसलं तरी त्याला इथे आणू नये. ते इथे येतं ते मरायला. हे शहाणपण मला चार वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात आणि एका पावसाळ्यात आलं. दर वर्षी वारा सुटला की तेच पाच-सहा महिने माझ्यासमोर येऊन उभे राहतात, आणि दर वर्षी मला स्वतःचा राग येतो.

त्या वर्षी जानेवारीत आई गेली. मार्चमध्ये आमची घाटकोपरची इमारत पाडायला काढली. नवी होईपर्यंत दोन वर्षं कुठेतरी राहायचं होतं. दादा-वहिनी मुलुंडला, त्यांनी खोली रिकामी करून ठेवली होती आणि त्यांचं मन साफ होतं, हे मी आजही सांगते. पण मी लग्न न केलेली, त्रेपन्न वर्षांची बाई. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून आयुष्य काढलं, शेवटची वर्षं आईसाठी नोकरी सोडून घरी बसले. दुसऱ्याच्या घरात शहाण्यासारखं वागण्याचा मला कंटाळा आला होता. तेवढ्यात नीताचा फोन आला. नीता माझी शाळेपासूनची मैत्रीण, दुबईला असते. तिच्या सासऱ्यांचा मढला समुद्राला लागून बंगला आहे, तो शूटिंगसाठी भाड्यानं देतात. मागच्या अंगाला एक खोली आणि मोरी. तिथे राहा म्हणाली, फक्त बागेकडे बघ.

"यार, दर वर्षी ट्रक भरून गुलाब येतात आणि महिन्याभरात वाट लागते. तू बॉटनीवाली ना? बघ ना काहीतरी टिकेल असं."

"बॉटनीवाली कसली गं, परीक्षानळ्या धुणारी मी."

"तेच ते," नीता म्हणाली.

टेम्पोत दोन कपाटं, एक पलंग, भांड्यांची खोकी आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी मी, मांडीवर अनंताची कुंडी. बाबा गिरणीत होते तेव्हा गावाहून, मालवणकडून, त्यांनी अनंताची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. आमच्या गॅलरीत ती आधी तेलाच्या डब्यात लागली, मग मातीच्या कुंडीत गेली. आईनं पुढे चाळीस वर्षं त्याचं पहिलं फूल देवाला आणि दुसऱ्या दिवशीचं पिवळं पडलेलं फूल साड्यांच्या घडीत ठेवलं. अंथरुणाला खिळल्यावर रोज सकाळी डोळे उघडले की ती विचारायची, "फुललो काय गो?" फुललेला नसला तरी मी हो म्हणायचे. ती गेल्यावर घरात सकाळी माझी गरज असलेलं हे एवढंच उरलं होतं. त्यामुळे मढला आल्या आल्या मी मनाशी ठरवून टाकलं की नीताच्या बागेचं काय व्हायचं ते होवो, अनंत जगला पाहिजे. त्याच्यापलीकडे मला त्या वर्षी काहीही नको होतं.

एप्रिल बरा गेला. त्या वर्षी वारा लवकर, मेच्या सुरुवातीलाच आला. चार दिवसांत अनंताची वाऱ्याकडची सगळी पानं कडेनं जळली. मी धावपळ करून बंगल्यामागे पडलेले पत्रे आणले आणि कुंडीच्या समुद्राकडच्या बाजूला उभे केले, दगड लावून पक्के. स्वतःवर खूश होऊन हात झटकत होते, तेव्हा फाटकाशी कुणीतरी हसलं.

मथुरामावशी. कोळीवाड्यातली, पासष्टीच्या पुढची, डोक्यावर म्हावऱ्याची टोपली. आमच्या रस्त्यावरच्या बंगल्यांना रोज सकाळी मासळी घालायची. बंगलेवाले बहुतेक कुलूप लावून गेलेले, म्हणून आठवड्याभरात ती माझ्याकडेच जास्त वेळ टेकायला लागली होती. पायरीवर टोपली उतरवायची, पाणी मागायची, आणि मग मी मुलुंडला भावाकडे का राहत नाही, लग्न का नाही केलं, बांगडा इतका बारीक का चिरते, अशी माझी रीतसर उलटतपासणी घ्यायची. कुणी मला इतकं सलग काही विचारून वर्षं झाली होती. मी दुसरी कामं टाकून तिला उत्तरं द्यायचे.

"वाऱ्याला भिंत बांधतंस काय गो बाय?" ती म्हणाली. "तो वरशी उरी मारील नि जास्ती आपटील."

खरंच होतं. मी वाकून बघितलं तर पत्र्याच्या वरून येऊन वारा आतल्या बाजूला गरगरत होता आणि अनंत मुळापासून हलत होता.

"वाऱ्याला आरवायचा नाय," मावशी म्हणाली, म्हणजे अडवायचा नाही. "थोरा जाऊ द्याचा, थोरा धराचा."

दुसऱ्या दिवशी ती फाटलेलं जुनं जाळं घेऊन आली. आम्ही दोघींनी बांबू रोवले आणि जाळं दुहेरी करून त्यांवर ताणून बांधलं. बोंबील वाळवायला ते लोक बांबूंच्या वलांड्या बांधतात त्याच गाठी तिनं मारल्या, आणि मला दोनदा सोडून पुन्हा मारायला लावल्या. दुपारी वारा सुटला, जाळ्यातून चाळून आत आला, आणि आतल्या बाजूला अनंताचं फक्त टोक हललं. मावशी पायरीवर बसून पान चघळत बघत होती. मला इतका आनंद झाला की मी तिला चहाबरोबर आईच्या कृतीचे खाजे दिले. तिला ते आवडले नाहीत, आणि तिनं तसं सांगितलं.

पुढचे पंधरा दिवस मी अनंताची जी सेवा केली ती आईचीही केली नसेल. सकाळ-संध्याकाळ अंगणातल्या विहिरीचं पाणी काढायचं, दोन तांबे बुडाशी, दोन पानांवर. नळाला पाणी सकाळी तासभर, ते मी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी धरायचे. तेही कधी संपलं तर डाळ विहिरीच्या पाण्यात शिजायला टाकायची. विहीर जुनी, दगडी, तळाशी निळसर पाणी. माझ्या मनात तिच्याबद्दल फार आदर होता. मुंबईत राहून अंगणात विहीर असणं हे मला श्रीमंतीचं लक्षण वाटत होतं. अनंताची जळालेली पानं मी कात्रीनं कापली, आणि शेंड्याला दोन नवी हिरवी पानं आली. तेवढ्यात दादाच्या मुलीचा साखरपुडा आला. दोन दिवस मुलुंडला जाणं भाग होतं.

"मावशी, तेवढं अनंताकडे बघशील? मी परवा येते."

"जा तू. तुझ्या झाराला मी बघतंव," ती म्हणाली. "नि भाव म्हनतो तर पावसाभर तिकरंच ऱ्हा ना. हितं एकली काय करशील?"

"बघू," मी म्हटलं. दादा खरोखरच त्यासाठी मागे लागला होता.

परत आले तर फाटकातच वास आला. कुंडीभोवती माश्या घोंघावत होत्या आणि काळ्या मातीवर खवले चमकत होते. मासळी धुतलेलं पाणी. दुसऱ्या सकाळी मावशी आली ती कौतुक करून घ्यायलाच.

"आमी नारलाला घालतंव. म्हटला, तुझ्या झाराला पन खाऊ दे जरा. अंग धरील."

मी "बरं" म्हटलं आणि पापलेट न घेता आत गेले. मासळीचं पाणी म्हणजे खारं पाणी, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आठवड्याच्या आत अनंताची नवी पानं पिवळी पडली, मग जुनी, आणि एका सकाळी हात लावला तर कुंडीत नुसत्या काड्या उभ्या होत्या. मी पायरीवर बसून मोठ्यानं रडले. आईच्या वेळी माणसं होती, कामं होती, रडायला सवड झाली नव्हती. ते सगळं तेव्हा बाहेर आलं, आणि रडून झाल्यावर राग करायला समोर एकच माणूस होतं.

मला भांडता येत नाही. मला रुसता येतं. रुसण्यात मी लहानपणापासून पटाईत. "ह्या चेडू रुसला म्हणजे भिंतीकपण कळता," आई सगळ्यांना सांगायची. मी खोलीचं दार लावून घेतलं. सकाळी फाटकावरून मावशीची हाक आली, "म्हावरा गो बाय!" मी हलले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी हाक मारून ती जरा थांबली, आणि मग ओरडून म्हणाली, "त्या झाराला नलाचा पानी दे गो, नलाचा!" मी आत भांडी घासत होते. मला वाटलं, मारून टाकलंस आणि वर शिकवतेस. मी नळ आणखी मोठा सोडला.

त्यानंतर ती आलीच नाही. कळला तिला माझा राग, मला वाटलं. बरं झालं.

आणि मग चार महिने पाऊस. शूटिंग बंद, बंगल्याच्या खिडक्यांना प्लास्टिक ठोकलेलं. रस्त्यावरचे शेजारी अंधेरी-बोरिवलीला आपापल्या पक्क्या घरांत गेलेले. माझी खोली मागच्या बाजूला, रस्त्यावरून दिसतही नाही. भाजी आणायची तर कोळीवाड्याच्या बाजारात जाणं सोयीचं, पाच मिनिटांवर. पण मी मुद्दाम बस पकडून मालाडला जायचे, जाऊन-येऊन दोन तास. समुद्र दिवसभर इतका गर्जायचा की रेडिओ लावून उपयोग नसे. बांधावर लाटा प्लास्टिकच्या चपला आणून टाकायच्या, नेहमी एकाच पायाच्या. रविवारी दादाचा फोन यायचा. मी सांगायचे, इथे खूप छान चाललंय, शेजारीपाजारी चांगले आहेत, करमतं मला.

बाग मी त्याच पावसात केली. करायला दुसरं काहीच नव्हतं. जुलैत भेंडाच्या फांद्या खोचल्या, एका बंद बंगल्याच्या कुंपणातून केवड्याचे फुटवे आणले, किनाऱ्यावरून मर्यादवेलीचे तुकडे उचलून वाळूत दाबले. ती सगळी मावशीच्या जाळ्याआड लावली. तिच्या गाठी सुटल्या की तिच्याच पद्धतीनं मारायचे आणि तिला नावं ठेवायचे. मध्येच पाऊस तीन-चार दिवस उघडला की वारा पुन्हा मीठ घेऊन यायचा, आणि काय टिकतं, काय जळतं ते मला दिसायचं. जास्वंद निम्मी जळली. तगर गेली. कण्हेर ढिम्म उभी राहिली. कोण कसं निघेल ते आधी सांगता येत नाही, एवढं मी त्या पावसात शिकले.

आणि भांडत होते. हे सांगायला लाज वाटते, पण मी दिवसभर मनात मथुरामावशीशी भांडत असायचे. चहा उकळताना, खड्डा खणताना, झोप येत नसताना. मी तिला सुनवायचे, तीही मला तिच्या बोलीत उलटून बोलायची, मी आणखी टोचून बोलायचे. कधीकधी मोठ्यानं. एकदा तर माझंच एक वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दुसऱ्या दिवशीसाठी राखून ठेवलं. वाटायचं, तीही तिकडे कोळीवाड्यात बसून माझ्यावर धुमसत असेल. ती यायची थांबली ती रागानंच, आणि पहिलं पाऊल कोण टाकतं ते आम्ही दोघी बघतोय. त्या चार महिन्यांत मला एकटं वाटलं का, असं कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. कुणाशी तरी माझं जोरात चाललेलं होतं.

सप्टेंबरात मी मार्वे रोडच्या एका नर्सरीत गेले. नर्सरीवाले सावंत म्हणून एक गृहस्थ होते, कमी बोलणारे. त्यांना मी मोबाइलवर अनंताच्या वाळलेल्या कुंडीचा तेव्हाच काढलेला फोटो दाखवला आणि मासळीच्या पाण्याची सगळी हकिगत सांगितली. माझी बाजू कुणालातरी पटावी अशी फार दिवसांची इच्छा होती.

सावंतांनी फोटो मोठा केला. "ताज्या मासळीच्या पाण्यानं झाड जात नाही हो," ते म्हणाले. "हे काय आहे कुंडीच्या काठाला, पांढरं?"

"माती असेल."

"मीठ आहे. पाणी कुठलं घालत होता?"

"विहिरीचं. घरचीच विहीर आहे, मढला."

"मे महिन्यात?"

"हो. रोज दोन वेळा."

त्यांनी फोन मला परत दिला. "मढची विहीर वैशाखात मचूळ होते, मॅडम. खालून समुद्र घुसतो. आता पावसानं गोड असेल. तेव्हा चाखून नाही बघितलंत?"

मी तिथे कुंड्यांच्या मधोमध उभी राहिले आणि एकेक गोष्ट आपोआप आठवायला लागली. मे महिन्यात विहिरीच्या पाण्यात टाकलेली डाळ शिजता शिजत नव्हती. कपड्यांच्या साबणाला फेस येत नव्हता आणि मी साबणाची कंपनी बदलली होती. बादलीच्या आतल्या बाजूला पांढरी पापडी धरली होती, ती मी नखानं खरवडून काढली होती. वीस वर्षं मी दहावीच्या मुलांसाठी टेबलावर सिल्व्हर नायट्रेटची बाटली मांडत आले. पाण्यात मीठ आहे का ते बघायला दोन थेंब टाकायचे, पाणी दुधाळ होतं. ती परीक्षा मला झोपेत करता येईल. आणि प्रयोग सुरू होण्याआधी दर वर्षी मुलांना नियमही मीच सांगायचे की प्रयोगशाळेत कोणतीही गोष्ट चाखायची नाही. मी चाखलं नव्हतं. अनंताला मीच रोज सकाळ-संध्याकाळ, अगदी प्रेमानं, मीठ पाजत होते. आणि फाटकावरून एक बाई ओरडून सांगत होती की नळाचं पाणी दे.

दुसऱ्या दिवशी मी कोळीवाड्यात गेले. काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं. माफी मागायची, पाया पडायची वेळ आली तर पडायचं, ती नाही नाही ते बोलेल ते ऐकून घ्यायचं. होड्या पुन्हा समुद्रात जायला लागल्या होत्या, वलांड्यांवर बोंबील लटकले होते. मावशी अंगणात फळीवर बसून मासळी निवडत होती. मी समोर जाऊन उभी राहिले.

तिनं वर बघितलं आणि तिचा चेहरा खुलला.

"अगो बाय! कवा आलीस?"

मला कळेना. "कवा म्हणजे?"

"भावाकरशी. मना वाटला आता येत नाय तू. तवा तीन रोज हाका मारल्या, दार बंद. म्हटला, गेली मुलुंडला. ये, बस. बारीक झालीस."

"मी इथेच होते, मावशी," मी म्हटलं.

"हितं? कवापासून?"

"पावसाभर."

तिच्या हातातला मासा तसाच राहिला. ती यायची थांबली होती कारण जूनमध्ये होड्या वर ओढतात, मासळी नसते, टोपली नसते, आणि पुढे होड्या सुटल्या तरी आमच्या रस्त्यावरचे बंगले बंदच, फिरायचं काय कारण. कोकणातल्या माणसांच्या पोटी जन्मून मला एवढं सुचलं नव्हतं. ती माझ्यावर रागावली नव्हती. माझा राग तिला माहीतच नव्हता. भिंतीला कळणारा माझा रुसवा पाच मिनिटांवरच्या कोळीवाड्यात कुणाला कळला नव्हता, कारण मी तिथे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

"एकली?" तिनं विचारलं. "तवर्‍या त्या पावसात?"

मी मान हलवली. माफीचं बोलणं मी केलंच नाही. मागायची तर कशाबद्दल, ते आधी तिला समजावून सांगावं लागलं असतं. चार महिने मी जिच्याशी भांडले ती बाई माझ्या डोक्यात होती. खरी मावशी इथे बसून मी सुखात आहे असं समजत होती. तिच्या अंगणात बसून मला पहिल्यांदा कळलं की तो सगळा पाऊस मी अगदी एकटी होते.

ती माझ्यावर खूप चिडली, तेव्हा मात्र खरोखर. आवाज द्यायचा ना, म्हणाली. आजारी पडली असतीस तर? मेली असतीस तर आम्हाला वासावरून कळलं असतं? तिनं मला बोंबील बांधून दिले, आणि पुढच्या जूनपासून होड्या वर ओढल्या तरी ती सकाळी फाटकाशी यायला लागली. टोपली नाही, काही नाही. डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून उभी राहायची आणि ओरडायची, "हायस का गो?" मी आतून "हाय" म्हणायचे. मग ती जायची. तीन पावसाळे हे चाललं. घाटकोपरची इमारत मध्यंतरी उभी राहिली, माझी खोली मला मिळाली, ती मी भाड्यानं दिली. नीताला सांगितलं की बाग अजून लागलेली नाही, मला इथे राहावं लागेल. ती हसली. मालिकावाल्यांना तर बाग फारच पसंत पडली आहे. गेल्या हिवाळ्यात एका सुनेनं कण्हेरीशी उभं राहून सात वेळा रडून घेतलं, आणि सातही वेळा मला तिचं वाईट वाटलं.

फेब्रुवारीत मावशीचे गुडघे पार गेले. मुलगी येऊन तिला माहुलला स्वतःकडे घेऊन गेली. जाताना मुलीनं मला नंबर लिहून दिला. मावशी म्हणाली, फोनवर बोलू. मार्च गेला, एप्रिल गेला. फोन आला नाही. मी नंबर बघायचे आणि ठेवून द्यायचे. तिला तिथे नातवंडं आहेत, चौकशी करायला माणसं आहेत, मढची एक बाई कशाला आठवेल? म्हणाली होती ना बोलू, मग करू दे तिनंच. मी कशाला आधी करू?

काल झाडं धुता धुता माझं मलाच हे ऐकू आलं. तीन महिने मी पुन्हा तेच करत होते. पुन्हा एका बाईशी माझं मनातल्या मनात चाललं होतं आणि तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी तांब्या खाली ठेवला, ओल्या हातांनीच फोन घेतला आणि नंबर लावला.

मुलीनं उचलला. पलीकडे टीव्ही चालू होता. "आये, तुझा फोन हाय," ती म्हणाली. मग नुसता श्वास ऐकू आला. म्हाताऱ्या माणसांना फोन उलटा धरायची सवय असते.

"मावशी, मी बोलतेय. मढहून."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"कवाची वाट बघतंव तुझी," मथुरामावशी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता आणि ती रागावलेली होती. "नंबर दिला व्हता ना तुना. मना काय ह्यो फोन लावता येतंय? एवरे दिवस कुठं व्हतीस गो?"

हा प्रश्न मी फेब्रुवारीपासून तिला विचारायला धरून ठेवला होता. मी म्हटलं, "उद्या येते," आणि ती म्हणाली, "सकालच्याला ये. दुपारची मी झोपतंव."